बिनतारी हवामानमापकांतील दोषनिदान : एक ऐतिहासिक विवेचन

(१) विषयप्रवेश

घड्याळ बंद पडणे आणि घड्याळ मागे पडणे या दोन घटनांत मराठी भाषा स्पष्ट भेद करते. बंद पडलेले घड्याळ त्याच दिवशी दुरुस्तीस जाते. मागे पडणारे घड्याळ मात्र भिंतीवर टिकटिकत राहते आणि घरातील सर्वांचा दिवस चुकवीत राहते. पहिल्याचा दोष मौनाचा, दुसऱ्याचा मिथ्या कथनाचा होय. निरीक्षकापासून दूर राहून हवेचे उष्णतामान, आर्द्रता व वायुभार बिनतारी संदेशाने कळविणाऱ्या उपकरणांचा जो सुमारे शंभर वर्षांचा इतिहास आहे, तो या दोन दोषांचा इतिहास आहे असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. किंबहुना त्यात आणखी एका, तिसऱ्या दोषाची भर घालावी लागते : ऐकू येणारा आवाज ज्याचा समजला, त्याचा तो नसणे.

आज हा विषय केवळ वेधशाळांपुरता उरलेला नाही. छपरावर वा परसात एक लहानसा संवेदक बसवून त्याचे आकडे घरातील पडद्यावर पाहणारे हौशी निरीक्षक जगभर आहेत, आणि आपल्याकडेही त्यांची संख्या वाढत आहे. संवेदक गप्प झाला अथवा असंभाव्य आकडे सांगू लागला म्हणजे हे निरीक्षक जी धडपड करतात, तिला मोठी पूर्वपरंपरा आहे. ती परंपरा कशी घडली, तिच्यातून कोणती पद्धती सिद्ध झाली आणि त्या पद्धतीवर किती मोठे निष्कर्ष अवलंबून राहिले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

(२) बिनतारीपूर्व काळ : संशयाचा पहिला धडा

उंचावरील हवेचे मापन करण्यासाठी मानवरहित फुग्यांतून स्वयंलेखक उपकरणे सोडण्याचा उपक्रम १८९२ मध्ये फ्रान्समध्ये गुस्ताव्ह एर्मित व जॉर्ज बेझांसों यांनी सुरू केला. फुगा वर जाई, उपकरण काजळीच्या पृष्ठावर रेषा ओढी, फुगा फुटून खाली पडे आणि कोणा शेतकऱ्यास तो सापडून त्याने परत पाठविला तरच ते लिखाण हाती येई. ही पद्धत मंद व बेभरवशाची होती हे खरे. तथापि तिच्यात एक मोठा गुण होता. उपकरण स्वतःच परत येत असे. त्याची पुन्हा परीक्षा घेता येई. वर जाण्यापूर्वी ते जसे होते तसेच ते उतरल्यावर आहे की नाही, हे पाहता येई.

लेओं तेसरां द बोर यांनी १८९६ मध्ये पॅरिसजवळील त्राप येथे स्वतःची वेधशाळा उभारली. तिच्यातून सोडलेल्या फुग्यांच्या नोंदींत एक विलक्षण गोष्ट वारंवार दिसू लागली. उंचीबरोबर घटत जाणारे उष्णतामान सुमारे अकरा किलोमीटरांच्या वर घटावयाचे थांबत असे. तत्कालीन समजुतीप्रमाणे ही गोष्ट अशक्य कोटीतील होती. तेव्हा उपकरणच चुकत असले पाहिजे हा संशय साहजिक होता, आणि त्या संशयाला शास्त्रीय आधारही होता. उंचावर हवा विरळ असते. फुग्याचा वेग मंदावला म्हणजे उष्णतामापकावरून वाहणारी हवा अपुरी पडते. अशा वेळी सूर्याच्या किरणांनी मापक तापतो आणि हवेचे उष्णतामान न सांगता स्वतःचेच सांगू लागतो.

तेसरां द बोर यांनी हा संशय तसाच झटकून टाकला नाही, किंवा त्यापुढे मानही तुकवली नाही. त्यांनी रात्री फुगे सोडले. सूर्यच नसेल तर सूर्यामुळे होणारी चूकही असणार नाही, इतका हा सरळ विचार होता. रात्रीच्या नोंदींतही तो स्थिर उष्णतामानाचा थर आढळला, तेव्हाच २३६ उड्डाणांच्या आधारे त्यांनी २८ एप्रिल १९०२ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे आपला निष्कर्ष मांडला. तीनच दिवसांनी बर्लिन येथे रिचर्ड आसमान यांनी स्वतंत्र प्रयोगांवरून तोच निष्कर्ष जाहीर केला. आज आपण ज्यास स्थितांबर म्हणतो त्याचा शोध तो हाच.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. वातावरणशास्त्राच्या दृष्टीने ती एका नव्या थराची ओळख होय. दोषनिदानाच्या दृष्टीने ती एका पद्धतीचा आरंभ होय. ज्या कारणामुळे उपकरण चुकत असावे असा संशय येतो, ते कारण दूर करून तेच मापन पुन्हा करावयाचे आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवावयाची, ही ती पद्धती. पुढील शंभर वर्षांत साधने बदलली, परंतु ही पद्धती बदलली नाही.

(३) बिनतारी संदेशाचा प्रवेश

१९२७ मध्ये पिएर इद्राक व रोबेर ब्यूरो यांनी फुग्यातून एक लहान बिनतारी प्रेषक वर पाठवून उंचावरून संदेश ऐकू येऊ शकतात हे दाखविले. जानेवारी १९२९ मध्ये ब्यूरो यांनी मापनांचे सांकेतिक संदेश पाठविणारे पहिले खरेखुरे उपकरण आकाशात सोडले आणि त्याला ‘रेडिओसाँड’ हे नाव दिले. रशियात पावेल मोल्चानोव्ह यांनी ३० जानेवारी १९३० रोजी लेनिनग्राडजवळच्या पाव्हलोव्ह्स्क येथून आपले उपकरण सोडले. त्यात आकडे मोर्सच्या संकेतांत रूपांतरित होत असल्याने कोणत्याही जाणत्या तारबाबूस ते ऐकून लिहून घेता येत. डिसेंबर १९३१ मध्ये फिनलंडमध्ये विल्हो व्हायसाला यांनी आपले उपकरण सोडले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत हॅरी डायमंड व त्यांच्या सहकाऱ्यांनी संवेदकाच्या विद्युत्-रोधानुसार स्वर बदलणारी रचना प्रचारात आणली.

या परिवर्तनाने उत्तर ताबडतोब मिळू लागले. शेतकऱ्याच्या प्रामाणिकपणाची वाट पाहणे संपले. पण त्याच क्षणी एक जुनी सोय हातची गेली. उपकरण आता सहसा परत येत नव्हते. दोष कोठे होता हे शोधण्यासाठी उपकरण उघडून पाहण्याचा मार्ग बंद झाला. उरला तो केवळ संदेश. रोग्यास न पाहता, केवळ त्याच्या पत्रावरून रोगाचे निदान करणाऱ्या वैद्याची जी अवस्था, तीच आता निरीक्षकाची झाली.

या अडचणीतून दोन उपाय निघाले. पहिला, उड्डाणपूर्व परीक्षा. फुगा सोडण्यापूर्वी उपकरण जमिनीवर खात्रीच्या उष्णतामापकाशेजारी ठेवून दोहोंतील फरक नोंदवून ठेवण्याचा प्रघात सर्वत्र रूढ झाला. दुसरा, संदेशाच्या स्वरूपावरूनच दोषाची जात ओळखण्याची कला. स्वर हळूहळू क्षीण होत गेला तर विद्युत्-घटाकडे बोट दाखवावे. तो एकदम तुटला तर जोड वा आकाशतार पाहावी. स्वर स्वच्छ असून आकडा जागचा हलत नसेल तर प्रेषक निर्दोष व संवेदक अडकलेला समजावा. कडाक्याच्या थंडीत कोरडे घट निस्तेज होतात, या अनुभवातूनच पुढे उड्डाणापूर्वी पाण्यात बुडवून जागृत करावयाचे घट प्रचारात आले.

(४) मौनाचा दोष : लाब्राडोरचे एक उदाहरण

मौनाचे निदान किती अवघड असते याचे एक बोलके उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात सापडते. उत्तर अटलांटिकमधील हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. त्यामुळे अमेरिकेच्या किनाऱ्यावरील आजची हवा ज्यास कळेल त्यास युरोपातील उद्याचे अनुमान बांधता येई. जर्मनीला ती हवा कळत नव्हती. म्हणून २२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३७ ही जर्मन पाणबुडी लाब्राडोरच्या निर्मनुष्य किनाऱ्यावर, मार्टिन उपसागरात येऊन थांबली. डॉ. कुर्ट झोमरमायर यांच्या देखरेखीखाली तेथे एक स्वयंचलित बिनतारी हवामानकेंद्र उभारण्यात आले. शंभर किलोच्या आसपास वजनाची नळकांडी, त्यांत घट व प्रेषक, आणि आकाशतारेसाठी दहा मीटर उंचीचा खांब असे त्याचे स्वरूप होते. दर तीन तासांनी त्याने हवेची अवस्था कळवावयाची होती.

केंद्र चालू झाले, संदेश आले, आणि थोड्याच काळात त्यांचा उपयोग होईनासा झाला. त्याच कंपनसंख्येवर अन्य प्रेषणाचा अडथळा होता काय? यंत्र बिघडले काय? घट थंडीने निकामी झाले काय? हजारो मैलांवरच्या ग्राहकाशी बसलेल्या माणसाला हे तिन्ही प्रकार सारखेच ऐकू येतात. प्रेषक बोलत नसणे आणि प्रेषक बोलत असून आपणास ऐकू न येणे यांतील भेद ग्राहकाच्या बाजूने ठरविता येत नाही; त्यासाठी प्रेषकाजवळच जावे लागते. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याच्या जागी नवे केंद्र बसविण्यासाठी निघालेली यू-८६७ ही पाणबुडी वाटेतच बुडविली गेली. यू-५३७ हीदेखील नोव्हेंबर १९४४ मध्ये जावाच्या समुद्रात सर्व खलाशांसह नष्ट झाली. केंद्र तेथेच, कोणालाही ठाऊक नसता, उभे राहिले.

या कथेचा उत्तरार्ध भाषेच्या अभ्यासकांस विशेष उद्बोधक वाटेल. कोणाची दृष्टी पडलीच तर संशय येऊ नये म्हणून नळकांड्यांवर कॅनडाच्या हवामानखात्याचे म्हणून एक नाव रंगविलेले होते. वस्तुतः त्या नावाची संस्था अस्तित्वात नव्हती. आणि लाब्राडोर हा भाग त्या वेळी कॅनडात नसून न्यू फाउंडलंडच्या अखत्यारीत होता. तरीही १९७७ मध्ये पीटर जॉन्सन या भूरूपशास्त्रज्ञास ते अवशेष आढळले, तेव्हा ते कॅनडाच्याच सैन्याचे असावेत असा समज झाला. पुढे झीमेन्स कंपनीचे निवृत्त अभियंते फ्रान्झ झेलिंगर यांनी जर्मन कागदपत्रांतून या केंद्राचा माग काढला आणि १९८१ मध्ये कॅनडाच्या शासकीय इतिहासकारांसह प्रत्यक्ष जागेवर त्याची ओळख पटली. आज ते ओटावा येथील युद्धसंग्रहालयात आहे. उपकरणाचे खरे नाव ठरविण्यास अडतीस वर्षे लागली. वक्त्याची ओळख हा दोषनिदानातील पहिला प्रश्न असला पाहिजे, हे यावरून ध्यानी येईल.

(५) मिथ्या कथनाचा दोष : संवेदक आणि सूर्य

महायुद्धानंतर प्रत्येक राष्ट्राचे उपकरण वेगळे, त्याची सूर्यतापाबद्दलची दुरुस्ती वेगळी, अशी स्थिती होती. नकाशावर शेजारी शेजारी असलेल्या दोन देशांच्या सीमेवर उष्णतामानाची पायरी दिसे. ही पायरी हवेत नसून उपकरणांत होती. या अव्यवस्थेवर उपाय म्हणून स्वित्झर्लंडमधील पायेर्न येथे १९५० आणि १९५६ मध्ये निरनिराळ्या देशांच्या उपकरणांची तौलनिक परीक्षा घेण्यात आली. एकाच फुग्याखाली अनेक उपकरणे बांधून ती एकाच हवेतून वर पाठवावयाची, हे या परीक्षेचे सूत्र होते. हवा एकच असल्याने उत्तरांतील फरक हा उपकरणांचाच फरक ठरे. १९८४ पासून जागतिक हवामान संघटनेने इंग्लंड, अमेरिका, सोव्हिएत संघ व जपान येथे अशा परीक्षांची नवी मालिका घेतली.

आर्द्रतेचे मापन याहून अवघड ठरले. अमेरिकेत डनमोर यांनी तयार केलेला लिथियम क्लोराइडचा संवेदक दीर्घकाळ वापरात होता. हवा फार कोरडी झाली की त्याचा विद्युत्-रोध इतका वाढे की ग्राहकात ऐकू येणारा स्वर तुटक तुटक होऊन लहान मोटारहोडीच्या फटफटीसारखा भासे. तेथील निरीक्षकांनी या अवस्थेला ‘मोटरबोटिंग’ असेच नाव दिले. आता प्रश्न असा की, या फटफटीचा अर्थ काय लिहावयाचा? तिचा अर्थ ‘आर्द्रता अमुक इतकी आहे’ असा नव्हता. ‘आर्द्रता मोजण्याच्या पलीकडे कमी आहे’ एवढाच होता. तथापि तक्त्यातील रकाना आकडा मागतो. मग एखादे ठराविक मूल्य त्यात भरले जाई.

ही प्रवृत्ती संवेदक बदलल्यावरही गेली नाही. १९७३ ते १९९३ या काळात अमेरिकी स्थानकांवर सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांहून कमी आढळल्यास प्रत्यक्ष मूल्य न कळविता उष्णतामान व दवबिंदू यांत तीस अंशांचे अंतर असल्याचे कळवावे, असा नियम होता. ज्या अभ्यासकास हा नियम ठाऊक नाही, त्याला त्या वीस वर्षांच्या नोंदींत तीस हा आकडा आश्चर्यकारक वारंवारतेने आढळेल आणि निसर्गात अशी काही विशेष अवस्था आहे की काय, असा भ्रम होईल. वास्तविक तो आकडा नसून आकड्याचा वेष घेतलेले मौन आहे. हवामानसंदेशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतलिपीत अज्ञात मूल्यासाठी तिरप्या रेघांची योजना आहे. ‘ठाऊक नाही’ हे सांगण्यासाठी स्वतंत्र चिन्ह राखून ठेवणे ही केवळ लेखनाची सोय नव्हे. ती प्रामाणिकपणाची व्याकरणव्यवस्था आहे.

मिथ्या कथनाचे आणखी एक उदाहरण १९९२-९३ मधील पश्चिम प्रशांत महासागरावरील मोठ्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत पुढे आले. आरएस-८० या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या उपकरणाच्या नोंदींप्रमाणे हवा इतकी कोरडी होती की तीत गडगडाटी मेघ वाढू नयेत. आणि प्रत्यक्षात तर मेघ वाढत होते. ही विसंगती हाच संशयाचा आरंभ होय. शोधाअंती असे दिसून आले की, उपकरणाच्या वेष्टनातील प्लास्टिकमधून निघणारी सूक्ष्म बाष्पे संवेदकाच्या आर्द्रताशोषक पटलावर बसत आणि पाण्याच्या रेणूंची जागा अडवीत. उपकरण जितके अधिक दिवस पेटीत पडून राहिलेले, तितके ते अधिक कोरडे सांगे. उपकरणाच्या अनुक्रमांकावरून त्याच्या निर्मितीची तारीख काढता येत असल्याने प्रत्येक नोंदीमागील उपकरणाचे वय ठरविणे आणि तदनुसार दुरुस्ती करणे शक्य झाले. नगण्य वाटणारा अनुक्रमांक कोणी लिहून ठेवला होता, म्हणूनच हे घडले.

(६) दिवस व रात्र : शतकानंतरची पुनरावृत्ती

विसाव्या शतकाच्या अखेरीस या सर्व प्रश्नांना अनपेक्षित गांभीर्य प्राप्त झाले. पृथ्वीच्या पृष्ठाजवळील उष्णतामान वाढत असल्याचे स्पष्ट होते. परंतु उष्ण कटिबंधातील फुग्यांच्या नोंदींत वरच्या हवेची तशी वाढ दिसत नव्हती. मग तापमानवाढीचा सिद्धांत चुकीचा मानावयाचा की नोंदी चुकीच्या मानावयाच्या? हा वाद केवळ शास्त्रज्ञांपुरता मर्यादित राहिला नाही.

२००५ मध्ये स्टीव्हन शेरवुड, जॉन लँझांटे व कॅथरिन मायर यांनी या प्रश्नावर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचे तत्त्व तेसरां द बोर यांना ताबडतोब ओळखू आले असते. त्यांनी दिवसाच्या आणि रात्रीच्या नोंदी वेगळ्या करून शेजारी ठेवल्या. हवा खरोखर जशी आहे तशी असती, तर दिवस व रात्र यांतील फरक दशकांमागून दशके जवळजवळ सारखाच राहावयास हवा होता. पण तो घटत गेलेला आढळला. कारण असे : जुन्या उपकरणांना ऊन अधिक लागे, म्हणून ती दिवसा प्रमाणाबाहेर उष्ण सांगत; नवी उपकरणे उन्हापासून अधिक सुरक्षित झाली आणि दिवसाचा आकडा खाली आला. उपकरणे सुधारली, आणि त्या सुधारणेने हवा थंड होत असल्याचा आभास निर्माण केला. १९०२ मध्ये दिवसरात्रीच्या तुलनेने नोंद खरी ठरविली. २००५ मध्ये त्याच तुलनेने नोंदीतील दोष उघड केला. पद्धती तीच, निर्णय उलट. पद्धतीचे सामर्थ्य तिने कोणता निर्णय दिला यात नसून, ती दोन्ही निर्णय देऊ शकते यात आहे.

(७) भारतातील अनुभव

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ ची. त्याचे मुख्यालय शिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यास आले आणि १९४४ मध्ये दिल्लीस गेले; पुण्यातील जुने पुणेकर त्या इमारतीस अद्याप ‘शिमला ऑफिस’ म्हणतात. उंचावरील हवेच्या मापनात भारताने स्वतःची उपकरणे घडविली. वेंकटेश्वरन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपकरणात फुगा वर जाताना वाहणाऱ्या हवेने फिरणारा पंखा संवेदकांना क्रमाने प्रेषकाशी जोडी; दुसऱ्या प्रकारात हेच काम घड्याळाची यंत्रणा करी. दोषाचे स्वरूप यंत्रणेच्या स्वरूपावर अवलंबून असते, हे येथे उघड दिसते. एकात पंख्याची गती, दुसऱ्यात घड्याळाची गती ही संदेशाची लय ठरवी. आणि लय बिघडली म्हणजे संदेश ऐकू येऊनही त्याचा अर्थ लागत नसे. पुढे ही दोन्ही उपकरणे मागे पडून स्वरपरिवर्ती विद्युत् उपकरणे आली, आणि २००९ नंतर उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारी आली. या प्रत्येक संक्रमणाच्या ठिकाणी दीर्घकालीन मालिकेत सांधा राहतो. तो सांधा हवेचा नसून यंत्राचा आहे हे ओळखणे, हे या मालिकांचा उपयोग करणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

स्वयंचलित बिनतारी केंद्रांचे जाळे देशभर पसरल्यावर हा प्रश्न सामान्य वाचकाच्या दारापर्यंत आला. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस उष्णतामान कळविले. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी नोंदले गेलेले ५१.० अंश हा तोवरचा भारतातील उच्चांक होता. तेव्हा हा आकडा क्षणार्धात देशभर पसरला. लगेच दुसऱ्या दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश कळविले. नागपूरचा आकडा संवेदकातील दोषामुळे आल्याचे विभागाने जाहीर केले. मुंगेशपूर येथे प्रमाणित उपकरण नेऊन शेजारी ठेवण्यात आले आणि तेथील संवेदक सुमारे तीन अंश अधिक सांगत असल्याचे निष्पन्न झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. त्या दिवशी दिल्लीत उष्म्याची लाट खरीच होती. सफदरजंग येथेही ४६.८ अंश नोंदले गेले. मिथ्या आकडा हा नेहमी सत्याच्या आसपासच वावरतो, म्हणूनच तो स्वीकारला जातो. शिवाय आकडा मागे घेतला गेला तरी त्याची वार्ता मागे घेता येत नाही. खोट्या विक्रमाने खऱ्या उष्म्याबद्दलही अविश्वास उत्पन्न होतो, आणि ज्यांना उन्हात काम करावे लागते त्यांच्यासाठी हा अविश्वास धोक्याचा ठरतो.

(८) घरगुती केंद्र : परंपरेचा वारसा

घरगुती केंद्राचा संवेदक हा उपरोक्त उपकरणांचाच वंशज होय. युरोपात तो बहुधा ४३३ वा ८६८ मेगाहर्ट्झ आणि उत्तर अमेरिकेत बहुधा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास, काही सेकंदांच्या अंतराने एक लहानसा संदेश पाठवितो. बहुतेक प्रकारांत संवाद एकतर्फी असतो. संवेदक बोलतो, ग्राहक ऐकतो, आणि ऐकले की नाही हे संवेदकास कळत नाही. इतिहासात ज्या क्रमाने प्रश्न विचारावयास माणसे शिकली, तो क्रम येथेही जसाच्या तसा लागू पडतो.

प्रथम वक्त्याची ओळख. अनेक संवेदक घट बदलल्यावर नवा ओळखक्रमांक घेतात आणि ग्राहक मात्र जुन्याचीच वाट पाहत बसतो. घट ताजे असूनही मौन टिकते. अशा वेळी ग्राहकास ती ओळख नव्याने शिकवावी लागते. याउलट, कधी शेजाऱ्याच्या छपरावरील संवेदकाचा संदेश आपला म्हणून स्वीकारला जातो. आपल्या संवेदकावर हाताची ऊब दिली असता पडद्यावरील आकडा वाढतो की नाही, एवढ्या साध्या परीक्षेने याचा निर्णय होतो.

दुसरा प्रश्न मौनाचा. सर्वच संवेदक एकदम गप्प झाले असतील तर दोष ग्राहकाचा अथवा परिसरातील अन्य विद्युत् साधनांच्या अडथळ्याचा. एकच गप्प झाला असेल तर त्या संवेदकाचा. गप्प झालेला संवेदक ग्राहकापासून दोनतीन मीटरांवर आणून पाहावा. तेथे तो बोलू लागला तर अंतर, जाड भिंत, पत्रा वा ओली झाडी हे कारण होय. तेथेही बोलला नाही तर घट, जोड वा प्रेषक. लाब्राडोरच्या केंद्राबाबत जे कोणालाच करता आले नाही, ते घरगुती निरीक्षकास शिडी लावून पाच मिनिटांत करता येते. मौनाची वेळही बोलते : पहाटेच्या थंडीतच संदेश तुटत असतील तर दुर्बळ घट, प्रत्येक पावसानंतर तुटत असतील तर आत शिरणारे पाणी.

तिसरा प्रश्न मिथ्या कथनाचा. उष्णतामान फक्त निरभ्र व निर्वात दुपारीच अधिक वाटत असेल आणि रात्री ते खात्रीच्या मापकाशी जुळत असेल, तर संवेदक बदलू नये. त्याची सावली सुधारावी. टॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६४ मध्ये झडपांची पांढरी पेटी सुचविली ती याचसाठी. आर्द्रता दिवसभर नव्व्याण्णवावर अडकून राहिली तर संवेदक एका बंद बरणीत, ओलसर मिठाच्या दाट लगद्याशेजारी पण त्याचा स्पर्श होऊ न देता, काही तास ठेवावा. साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणावरील हवेची सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या जवळ असते, ही जुनी व विश्वसनीय कसोटी आहे. पर्जन्यमापकाची कथा आणखी निराळी. नाळक्यात कोळ्याचे जाळे वा पालापाचोळा अडकला म्हणजे आतील हिंदोळी पात्रे हलत नाहीत. संदेश वेळच्या वेळी येतो आणि त्यात पाऊस शून्य असतो. हे शून्य पावसाच्या अभावाचे नसून मापनाच्या अभावाचे असते. अमेरिकी नोंदींतील तीसच्या आकड्याचाच हा धाकटा भाऊ होय.

(९) उपसंहार

सारांश, बिनतारी हवामानमापकांच्या इतिहासात दोषनिदानाची जी परंपरा घडली तिचे तीन आधार दिसतात. संशयित कारण दूर करून मापन पुन्हा करणे हा पहिला. दोन उपकरणे एकाच हवेत शेजारी ठेवणे हा दुसरा. आणि उपकरणाचा क्रमांक, वय, जागा व त्यात केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी लिहून ठेवणे हा तिसरा. यांपैकी तिसरा सर्वांत नीरस, आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित. परंतु आरएस-८० च्या नोंदी सुधारता आल्या त्या त्याच्याच बळावर. आणि मार्टिन उपसागरातील नळकांड्यांची ओळख पटली तीही कोणीतरी जपून ठेवलेल्या कागदांमुळेच.

दूरच्या उपकरणाचा शब्द आपण ऐकतो तेव्हा त्याच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पण तो विश्वास आंधळा असावयाचे कारण नाही. ज्या निरीक्षकाने घट बदलल्याची तारीख वहीत टिपली आहे, तो हवेबद्दल जे बोलेल ते ऐकण्याजोगे असेल.